दादांच्या मापाची सीट

मी एक जुनी सीट आहे. मोटारीतली, चालकाची. पोलीस ठाण्यामागच्या आवारात, गंजलेल्या एका गाडीत मी पडून आहे. कोणी माझ्याकडे निरखून पाहिले की मला मेल्याहून मेल्यासारखे होते. तरीही सांगते, मित्रांनो. उद्या माझ्यासारख्या सीटवर बसणारे तुमच्यातलेच असणार.

कारखान्यात एका बाईने माझे कापड शिवले. शेवटचा टाका घालून तिने मला थोपटले आणि शेजारणीला म्हणाली, "हिच्यावर बसणारा सुखात राहील बघ." मी केवढी फुशारले!

मला घरी आणले लिफ्ट दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या दादांनी. दादा ताडमाड उंच, म्हणून मी कायम पार मागे सरकवलेली. वहिनी आणि दादांचा धाकटा भाऊ, दोघेही ठेंगणे. ते चालवायला बसले की मला पुढे ओढत. पण उतरताना पुन्हा मागे सारायचे, असा त्या घरचा दंडकच होता. विसरले तर दादा घर डोक्यावर घेत. लांबच्या प्रवासात ते मला गोंजारून म्हणत, "हिच्यावर बसलं की पाठदुखी पळते." मी त्यांची लाडकी होते, आणि मला त्याचा तोरा होता.

एका दुपारी दादांच्या सहकाऱ्याच्या निवृत्तीचे जेवण होते. दादा बाहेर आले तेव्हा त्यांचे पाय ठरत नव्हते. सोडायला आलेला मित्र म्हणाला, "अरे, टॅक्सीने जा."

"एवढ्याशानं काय होतंय? डोळे मिटून घरी जाईन," दादा हसले. ते धपकन माझ्यावर बसले आणि मी नेहमीच्याच मायेने त्यांची पाठ सांभाळली. त्या मायेची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते.

घराजवळच्या वळणावर तिथल्या बागेत काम करणारे माळीकाका सायकलवरून चालले होते. गाडीने त्यांना उडवले आणि ती भिंतीवर जाऊन आदळली. दादांना खरचटलेसुद्धा नाही. त्यांनी धाकट्याला फोन केला. दवाखान्याला नाही.

धाकटा धावतपळत आला. माळीकाकांना पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू चालवत होतास म्हणून सांग," दादा म्हणाले. "तू प्यायलेला नाहीस, थोडक्यात सुटशील. मी पिऊन माणूस उडवलाय, मला वर्षानुवर्षं आत टाकतील."

"दादा, त्यांचा श्वास चालू आहे. आधी..."

"तुला कोणी शिकवलं? कोणी वाढवलं? मग एवढं कर माझ्यासाठी."

धाकट्याने मान खाली घातली. दवाखान्याची गाडी शेवटी पलीकडच्या दुकानदाराने बोलावली. ती येईपर्यंत फार उशीर झाला होता.

मग पोलीस आले. "गाडी मी चालवत होतो," धाकट्याने सांगितले. फौजदारबाईंनी धाकट्याला आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाल्या, "बसा बरं सीटवर." तो बसला. त्याचा पाय क्लचपर्यंत पोहोचेना.

"आमच्याकडे उतरताना सीट मागे सारायची पद्धत आहे, बाई," दादा घाईघाईने म्हणाले. "घरात कोणालाही विचारा."

"असेल ना. आता त्यांना ती पुढे ओढू द्या."

धाकट्याने माझा दांडा ओढला, जोर लावला, घामाघूम झाला. मी तसूभरही हलले नाही. भिंतीवर आदळताना माझ्याखालचा रूळ वाकला होता आणि मी दादांच्याच मापाला अडकले होते.

"म्हणजे धडक बसली तेव्हा सीट इथेच होती," बाई म्हणाल्या. "त्या वेळी कोण बसलं होतं?"

धाकटा स्टिअरिंगवर डोके टेकवून रडू लागला. "दादा," एवढेच तो बोलला.

तपासणीत दादांच्या रक्तात दारू सापडली. त्यांना सात वर्षांचा कारावास झाला. खोटे सांगितल्याबद्दल धाकट्यालाही काही महिने तुरुंगात काढावे लागले. निकालाच्या दिवशी कोर्टात काय झाले, ते मी आवारातल्या पोलिसांच्या बोलण्यातून ऐकले. माळीकाकांच्या मुलीला न्यायाधीशांनी काही सांगायचे आहे का, असे विचारले.

"किती वर्षं म्हणजे पुरे, ते मला नाही सांगता येत," ती म्हणाली. "पण हे दोघं भाऊ कोणी काय सांगायचं ते ठरवत होते ना, तेव्हा माझ्या बाबांचा हात धरायला कोणी नव्हतं."

दादांनी मान वर केली नाही म्हणे. इथे मलाही धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले.

मित्रांनो, माझ्यावर बसणारा शुद्धीत आहे की नाही, हे मला पहिल्या क्षणी कळते. पण मला त्याला उठवता येत नाही. तुम्हाला येते. तो तुमचा बाप असो, मामा असो, थोरला भाऊ असो, त्याचा दंड धरा आणि त्याला खाली उतरवा. तो रागावेल, वाटेल ते बोलेल. बोलू द्या.