सत्त्याण्णव अंश

मुलीने प्रयोगवहीत लिहिलं होतं, ‘पाणी सत्त्याण्णव अंशाला उकळले.’ त्यावर लाल शाईची काट होती, बाजूला भोपळा, आणि खाली शेरा: ‘शंभर. दहा वेळा लिहून आण.’ पोरीने लिहून आणलंही होतं, सुबक अक्षरात, एकाखाली एक, दहा ओळी.

विज्ञानाच्या बाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या शाळेत त्यांची अठ्ठावीस वर्षं झाली होती. दहावीला आता नवे सर शिकवत. बाई विभागाच्या मुख्य म्हणून परीक्षेआधी वह्यांवर सह्या करत. नवे सर मुलांचे लाडके होते, निकालही चांगला लावत. शिवाय ते बाईंच्याच हाताखाली शिकलेले. म्हणून तर आग जास्त.

त्यांनी मुलीला बोलावून घेतलं. बारीक अंगाची, जाड चष्म्याची पोरगी.

“थर्मामीटरवर तुला किती दिसलं होतं?”

“माझं चुकलं होतं, बाई.”

“चुकलं का, ते नाही विचारलं. दिसलं किती?”

मुलीने फरशीकडे बघत सांगितलं, “शंभर.”

बाई तडक शिक्षकांच्या खोलीत गेल्या. नवे सर चहा पीत होते. बाईंनी वही त्यांच्या पुढ्यात टाकली.

“आपलं गाव डोंगरावर आहे. इथे पाणी शंभराच्या आधी उकळतं. माहीत नाही तुला?”

“माहीत आहे की,” सर शांतपणे म्हणाले. “पण पेपर तपासणाऱ्याकडे उत्तरांची यादी असते, बाई. यादीत शंभर आहे. पोरीचे मार्क जाऊ नयेत, एवढंच माझ्या मनात होतं.”

माहीत नसतं तर बाईंनी समजावलं असतं. माहीत असून त्याने पोरीला खोटं पाडलं होतं. त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या, तर ते म्हणाले, “तीन अंशांसाठी एवढं डोकं कशाला तापवून घेता?”

“तीन अंशांसाठी नाही. पोरांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं दुसऱ्याच्या धाकाने बदलू नये, एवढं तरी शाळेने शिकवावं. बाकीचं पुस्तकात आहे, ती घरी वाचतील. हेच शिकवायचं नसेल तर शाळा हवी कशाला?”

“तुमचं बरोबर आहे,” मुख्याध्यापक म्हणाले आणि फोन उचलून दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागले.

संध्याकाळी घरी बाईंनी एवढी आदळआपट केली, की नवरा निवडायला घेतलेली भाजी घेऊन गुमान बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. “आज कुणाचा नंबर आहे?” त्याने तिथूनच विचारलं.

“सगळ्यांचा,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दहावीचा एक तास मागून घेतला. प्रयोगशाळेत कपाटाआड स्पिरिटचा दिवा पेटवला, पाणी उकळत ठेवलं, त्यात थर्मामीटर सोडला. प्रत्येकाने एकट्याने आत जायचं, आकडा बघायचा आणि चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. नाव लिहायचं नाही. आधी त्यांनी स्वतः बघून घेतलं. पारा सत्त्याण्णवावर ठाम उभा होता.

चौतीस चिठ्ठ्या पडल्या. एकोणतीस चिठ्ठ्यांवर शंभर. चारांवर सत्त्याण्णव. एक कोरी.

बाईंचा तोल गेला. “डोळे आहेत की नुसती भोकं?” त्या ओरडल्या. “नावही लिहायचं नव्हतं, तरी घाबरलात? कुणाला घाबरलात?” पहिल्या बाकावरचा एक मुलगा मागे सरकला. अठ्ठावीस वर्षांत त्यांना कोणी असं घाबरलं नव्हतं, आणि ते दिसत असूनही त्यांना थांबता येईना.

चष्मेवाली उभी राहिली. “बाई, मला सत्त्याण्णवच दिसलं होतं. दोन्ही वेळा.” तिचा आवाज बारीक झाला होता. “पण वहीचे मार्क सर देणार आहेत ना?”

सर दारात येऊन उभे होते. मुलं गेल्यावर ते आत आले.

“रागावणार नसाल तर एक सांगतो, बाई. आमच्या वर्षी आम्ल जुनं झालं होतं. निळा लिटमस लाल होईना. तुम्ही म्हणालात, लाल झाला असंच लिहा, परीक्षक बाहेरचे आहेत, आपलं नुकसान नको. आम्ही लिहिलं. मला पैकीच्या पैकी पडले.”

बाईंना ते वर्ष आठवलं. नवीन बाटली मागवली होती, ती वेळेत आली नव्हती. तेव्हाची गोष्ट वेगळी होती, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. वेगळी नव्हती. त्यांना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या.

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“कसा बोलणार? तुम्ही आमच्या बाई होतात.”

त्या दिवशी बाईंनी एकाही वहीवर सही केली नाही. मुख्याध्यापकांना पत्र दिलं: या वह्यांतली निरीक्षणं मुलांची नाहीत, म्हणून माझी सही मिळणार नाही. आपण स्वतः एका वर्षी असंच करायला लावलं होतं, हेही त्यांनी त्यातच लिहिलं, वर्षासकट. मुख्याध्यापकांनी पत्र फाईलला लावलं, सह्या नव्या सरांकडून करून घेतल्या आणि पुढच्या सत्रापासून बाईंना पाचवी दिली. सर समोरून आले की अजून नमस्कार करत. बाई बघत नसत.

निकाल लागला त्या दिवशी चष्मेवाली फाटकापाशी त्यांची वाट बघत थांबली होती. “बाई, प्रयोगाचे पैकीच्या पैकी पडले.”

“छान,” बाई म्हणाल्या. तो शब्द एवढा कडक निघाला की पोरगी एक पाऊल मागे गेली. त्या भराभर चालत रस्त्याला लागल्या. कोपऱ्यापर्यंत पोचल्या तरी त्यांच्या मुठी आवळलेल्याच होत्या.