चित्राहुती

खिडकीखिडकीला कबुतरं अडवणारी जाळी.

अर्धा किलो बांगडा, काटे काढून.

पंजाच्या बोटांमध्ये लाल, ओलं. चाटून चाटून.

शाकाहारी घरातलं वेगळं पातेलं, बाल्कनीतच घासायचं.

आठ आठवडे.

हे सगळं चिंगीसाठी. चिंगी सावनीची कुत्री, सोलापूरहून दूर दक्षिणेत, वेलचेरीच्या फ्लॅटमधली, कानामागचे केस गळलेली. डॉक्टर दिव्यश्री म्हणाल्या, अन्नाची ॲलर्जी असावी. आठ आठवडे फक्त बांगडा आणि रताळं. दूध, तूप, डाळ थेंबभरही नाही. खाज थांबली तर दोष अन्नाचा. नाही तर दुसरं काही शोधू.

"आठच," नवरा, पुष्कर, म्हणाला. "मग तिला दुसरं घर बघू. त्या वासाने बाबांना जेवण जात नाही."

सातवा आठवडा. खाज तेवढीच.

आठवा. तेवढीच.

चिंगी शहराबाहेर ओरगडमला गेली, पुष्करच्या कारखान्यातली सहकारी कीर्तना हिच्याकडे. बांगड्या-रताळ्याचा कागद सावनीने सोबत दिला. उगाच.

दीड महिन्याने फोटो आला. कानामागे नवे केस.

"कागद पाळला अक्का, बाकी काही नाही," कीर्तना फोनवर म्हणाली.

"मग तिला परत..."

"माझी मुलगी तिला सोडत नाही, अक्का."

सोमवारी सावनी घरून काम करत होती. साडेअकराला सासरे, पुरुषोत्तम, जेवायला बसले. पानाभोवती पाणी फिरवलं, उजवीकडे तूप-वरणभाताच्या पाच चिमट्या ठेवल्या. जेवून उठले ते त्या चिमट्या तळहातावर घेऊन उभेच राहिले.

"सोलापुरात कावळ्यांना घालायचो. इथे जाळी. कुठे ठेवू गं?"

"इतके दिवस कुठे ठेवत होता, बाबा?"

"चिंगीपुढे. रोज. ती गेल्यावर कुंडीत, पण मुंग्या लागतात."

"त्या आठ आठवड्यांतही?"

"अगं, चित्राहुती ती. ते काय खाणं झालं?"

"तूप आहे त्यात."

"मग कोरडी घालू देवाला? तू या घरात मासे शिजवलेस, मी बोललो काही?"

तिने पुष्करला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "बरी झाली ना कुत्री? मग आता बाबांना कशाला बोलतेस."

दवाखान्यात पहिल्या दिवशी भरलेल्या फॉर्मवर एक रकाना होता: घरात कुत्र्याला कोण कोण खायला घालतं. सावनीने तिथे एकच नाव लिहिलं होतं, स्वतःचं.