चुकत बोललेली प्रार्थना

मित्रांनो, मी एक जुनी प्रार्थनेची काठी आहे. वीतभर लांबीची, पट्टीसारखी चपटी. जपानच्या उत्तरेला, सारू नदीकाठच्या आयनू आदिवासींच्या वस्तीत इसोनाश नावाच्या गृहस्थाने मला कोरले. पाठीवर अस्वल, टोकाखाली जिभेसारखी खाच. माझे टोक मद्यात बुडवून तो चुलीतल्या अग्निआजीवर, म्हणजे आमच्या अग्निदेवीवर, थेंब शिंपडायचा. माणूस अडखळला, तर काठी त्याचे बोलणे नीट करून देवांपर्यंत नेते, असे आमची माणसे मानतात.

एका हिवाळ्यात इसोनाशला पक्षाघात झाला. वाचा गेली. त्यातच सून कियो बाळंतपणात अडली. सुईणीचाही धीर सुटत चालला. मुलगा शिगेओ दाराशी खिळून उभा होता. शाळेत आयनू शब्द तोंडून निघाला की छडी बसे, म्हणून त्याने ती भाषाच टाकून दिली होती.

शिगेओच्या आईने मला त्याच्या हातात कोंबले. "बस चुलीपाशी. तुझ्या बापाची जीभ उचलत नाही."

"मला येत नाही गं. काहीतरी वेडंवाकडं बोलून जाईन."

"मग बोल की वेडंवाकडं. बायकोचा जीव टांगणीला लागलाय आणि तू शब्द निवडत बसलायस?"

शिगेओ बसला. मला बुडवताना निम्मे मद्य राखेत सांडले. थोडे आयनू, थोडे जपानी, मधेच नुसता हुंदका. अंथरुणावर बापाचे ओठ हलत होते. दुपार कलताना मुलगी रडली. कियो वाचली.

मी काही केले का, कोण जाणे. मी फक्त त्याच्या मुठीत होते.

पुढे इसोनाश गेला. मी फडताळात चमच्यांखाली पडले, मग संग्रहालयाच्या काचेआड गेले. कौतुक खूप झाले, पण कोरडे.

परवाच्या शरदात, नदीत मासे चढू लागले तेव्हा, वाकलेला शिगेओ त्या मुलीला, सुएला, घेऊन मला नदीकाठी प्रार्थनेला न्यायला आला.

"आजोबा, ओल लागली तर तडकेल ती," संग्रहालयाचा रखवालदार म्हणाला.

"तडकली तर तडकली," सुए म्हणाली. "बाबांना किती दिवस थांबवू?"

त्याने कुलूप काढले. नदीकाठी शिगेओ विसरला की सुए हळूच शब्द पुरवी. ती ते संध्याकाळच्या वर्गात शिकली होती.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ जरूर पुसा. पण घरात कुणी आजोबा असतील, तर आधी त्यांना विचारा की ही वस्तू हातात कशी धरायची.