पहारेकरी

फेब्रुवारीच्या शेवटी नासोलोच्या आईने रताळ्यांसाठी मातीचे तीस ढिगारे केले, त्यांत वेल खोचले, आणि मार्चमध्ये ती गेली. शेवटच्या फोनवर ती म्हणाली होती, ''माझ्या पहारेकऱ्यांना जप.'' नासोलो कंपालात ग्रंथपाल. सांगितलेलं नेमकं लक्षात ठेवायची तिला सवय. आईच्या घरी दोन कुत्री होती. पाच महिने दर शनिवारी ती मसाकाची बस धरून गावी आली आणि येताना त्यांच्यासाठी सुकट आणत राहिली. कुत्री चांगली गुबगुबीत झाली.

मरण फोडायचा, म्हणजे सुतक संपवायचा विधी ऑगस्टअखेर ठरला. त्या दिवशी आईच्या जागी वारस बसवायची. बाईची वारस तिच्या माहेरच्या कुळातली लागते. पोटची मुलगी बापाच्या कुळातली, ती चालत नाही. सेबोवामामाने आपली धाकटी मुलगी नांतुमे पुढे केली. बावीस वर्षांची, मसाकात शिवणकाम करणारी. विधीनंतर चाळिशीच्या नासोलोने तिला आई म्हणायचं. रीत नासोलोला ठाऊक होती आणि तिच्याबद्दल तक्रारही नव्हती. हाक मारायची वेळच येऊ नये अशा बेताने वागायचं, इतकंच तिने ठरवलं होतं. तिला एकच हवं होतं: आईच्या हातची शेवटची रताळी त्या दिवशी पाहुण्यांच्या पानात पडावीत.

दोन आठवडे आधी ती रजा घेऊन आली. पाहुण्यांच्या मांडवासाठी जागा करायची होती. रताळ्यांच्या कडेने मुलुकुची झुडपं माणसाच्या उंचीची माजली होती. मुलुकुचा पाला पाण्यात चेचून टाकला की मासे उलटे होऊन तरंगतात, हे तिने वाचलं होतं. घरात पोरंबाळं येणार, शेळ्या येणार. तिने दोन दिवस राबून सगळी झुडपं मुळासकट उपटली आणि स्वयंपाकघरामागे ढीग लावला.

आठव्या दिवशी एका ढिगाऱ्यावरचे वेल माना टाकून पडलेले दिसले. तिने हात घातला तर आत पोकळी. शेजारी ताज्या मातीच्या उकिरी. फुको आला होता, जमिनीखालून बोगदे काढणारा उंदीर. संध्याकाळपर्यंत तिने मोजलं तेव्हा नऊ ढिगारे पोखरलेले निघाले.

दुसऱ्या दिवशी नांतुमे मदतीला आली. पिशवीही खाली न ठेवता ती रताळ्यांच्या कडेला उभी राहिली.

''ताई, इथले पहारेकरी कुठं गेले?''

''ते काय, ओसरीत पडलेत दोघं,'' नासोलो म्हणाली.

नांतुमेने कुत्र्यांकडे पाहिलं, मग उपटलेल्या झुडपांच्या खड्ड्यांकडे, आणि तोंडावर हात धरून खाली बसली. हसू आवरेना.

''आत्या ह्यांना चोर म्हणायची. मोठा चोर आणि धाकटा चोर. पहारेकरी म्हणजे मुलुकु. त्यांच्या मुळांपाशी फुको फिरकत नाही म्हणायची.''

पाच महिन्यांची सुकट नासोलोच्या डोळ्यांपुढून गेली. आईच्या तोंडचा तो एक शब्द तिने किती जपला होता, आणि चुकीच्या दारात नेऊन ठेवला होता. मग तिने विचारलं, ही नावं नांतुमेला कशी ठाऊक. नांतुमे म्हणाली, शाळेच्या प्रत्येक सुट्टीत ती आत्याकडेच असायची, कुदळ धरायला आत्यानेच शिकवलं. त्या वर्षांत नासोलो कंपालात होती. ते नांतुमेने बोलून दाखवलं नाही.

ढिगातला पाला सुकत आला होता, पण वास शाबूत होता. दोघींनी तो उखळात कुटला. नांतुमेने काठीने बोगदे हुडकले, प्रत्येकात मूठमूठ लगदा कोंबला आणि वर टाचेने माती दाबली. तीन दिवस नवी उकीर दिसली नाही. चौथ्या दिवशी एक दिसली, ती कुंपणाच्या पलीकडे, शेजाऱ्याच्या हद्दीत.

''तो आता त्यांचा पाहुणा,'' नांतुमे म्हणाली. ''आज ताई म्हणून घेते हं. परवापासून तू माझी लेक. उलट बोललीस तर कान पिळीन.''

एकवीस ढिगारे वाचले. विधीच्या दिवशी रताळी केळीच्या पानांत वाफवली गेली आणि सगळ्यांना एकेक तरी पोचली. नांतुमे झाडाच्या सालीचं वस्त्र पांघरून चटईवर बसली होती. नातलग एकेक करून पुढे जाऊन तिला आत्या, मावशी, आई म्हणत होते. नासोलो चुलीशी पानं उलगडत राहिली. तिला कुणी बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे पांगले. नासोलोने झुडपांच्या ढिगातून वाळलेल्या शेंगा वेचून ओटीत घेतल्या होत्या. रताळ्यांच्या कडेला जाऊन तिने पहिला खड्डा केला आणि थांबली. बी किती अंतरावर टाकायचं, तिला ठाऊक नव्हतं. ते तिने कुठे वाचलंही नव्हतं. नांतुमे अंगणात भांडी घासत होती.

''आई,'' नासोलोने हाक मारली, ''किती अंतरावर लावू?''

नांतुमेने मान वर केली. ती हसली नाही.

''दोन-दोन पावलांवर,'' ती म्हणाली. ''आणि त्या चोरांना आत येऊ देऊ नकोस. उकरतात.''