पुढच्या झाकणाखालची पेटी

मी एक जुनी, छोटी आणि स्वस्तातली गाडी आहे. तिन्ही शब्द खरे आहेत, त्यामुळे मला त्यांचा राग येत नाही. मित्रांनो, मोठ्या गाड्या आपली गोष्ट सांगायला बसल्या की वेगापासून सुरुवात करतात. माझ्याकडे सांगण्यासारखा वेग कधी नव्हताच. चढावर सायकलवाले मला मागे टाकायचे आणि वर पोहोचून हात करायचे.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे मालकांचं एकच सांगणं होतं. ज्याने आजवर सायकलच चालवली, त्यालाही ही गाडी घेता आली पाहिजे. मग जे जे वगळता येईल ते ते वगळण्यात आलं. मागची दारं वगळली. खिडक्यांचे हँडल वगळले, म्हणून माझ्या काचा हाताने बाजूला सरकवाव्या लागतात. इंजिन पाठीमागे बसवलं आणि ते वाऱ्यावरच थंड होईल असं केलं, म्हणून रेडिएटरही वगळला. पुढचं झाकण उघडलं की लोकांना तिथे इंजिन दिसत नाही आणि ते गोंधळतात. तिथे पेट्रोलची टाकी आहे, एक जादा चाक आहे आणि थोडी मोकळी जागा आहे. ती मोकळी जागा तेवढी लक्षात ठेवा. माझ्या गोष्टीत पुढे जे काही झालं, ते तिच्यापायीच झालं.

मला विकत घेतलं एका चष्मेवाल्यांनी. त्यांचं दुकान दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत काउंटर, आरसा आणि भिंतीवर लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता. मागच्या खोलीत काचा घासायचं काम. घरात बायको आणि एक लहान लेक. दुकान बायकोकडे सोपवून ते आठवड्यातून दोनदा आसपासच्या गावांत फेरीला जायचे. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडायचं, तक्ता टांगायचा, डोळे तपासायचे आणि तिथल्या तिथे काचा घासून चष्मा हातात द्यायचा, अशी त्यांची पद्धत होती. त्यासाठी त्यांच्याकडे एक लोखंडी पेटी होती. तिच्यात जाड काचांचे कप्पे होते आणि तळाशी काचा घासायचं, हाताने फिरवायचं दगडी चाक होतं. ती पेटी उचलायला दोन माणसं लागायची आणि दोघंही उचलताना तिच्या नावाने खडे फोडायची. माझ्या पुढच्या झाकणाखालच्या मोकळ्या जागेत ती अगदी मापाने घेतल्यासारखी बसायची.

ते माझे कामाचे दिवस. एका गावातल्या आजीबाईंनी नवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सगळ्यांत आधी माझ्याकडे बघून म्हटलं, “अगं बाई! मी हिला इतके दिवस नवी समजत होते की!” सगळा व्हरांडा हसला. चष्मेवाले मात्र सगळ्यांना सांगायचे, “रंग उडाला असेल, पण हिचा पाय पक्का आहे. ओल्या रस्त्यावर, वळणावर, कुठेही न्या. जागची हलत नाही.” मी ऐकत असे. मला ते खरं वाटे.

आता माझ्या शेजाऱ्यांबद्दल सांगते, कारण एकट्या गाडीचे गुणदोष कळत नाहीत. दुकानामागच्या बोळात आम्ही तिघी उभ्या असायचो. तिघीही स्वस्तातल्या, तिघीही एकाच काळातल्या.

एक होती चष्मेवाल्यांच्या धाकट्या भावाची, म्हणजे लेकीच्या काकांची. तिला सगळे डबा म्हणत, कारण ती दिसायचीच तशी. तिचं इंजिन पुढे, आणि ओढणारी चाकंही पुढचीच. त्यामुळे ती रस्त्याला गोचिडासारखी चिकटायची. आत जागा इतकी की बाहेरून बघणाऱ्याला पटायचं नाही. पण तिच्या इंजिनात हात घालायला जागाच नव्हती. साधा पट्टा बदलायचा तरी मेकॅनिक आधी बाह्या सरसावून मोठा उसासा टाकायचा. शिवाय ठिणगी देणाऱ्या तारा तिच्या जाळीच्या लगेच मागे होत्या. समोरून पाणी उडालं की त्या भिजायच्या आणि बाईसाहेब जिथल्या तिथे बसायच्या. तळाचा पत्राही एका ठिकाणी गंजून गेला होता. पायाखालून रस्ता जाताना दिसायचा.

दुसरी शेजारच्या शिंप्यांची. तिचं अंग पत्र्याचं नव्हतंच, त्यामुळे तिला गंज ठाऊक नव्हता. इंजिन इतकं लहान की दोघांनी उचलून ओट्यावर ठेवावं. पेट्रोल किती उरलंय हे सांगणारा काटा नव्हता. टाकीत पट्टी बुडवून बघायची. पण तिच्या पेट्रोलात तेल मिसळावं लागे, आणि ती सुरू झाली की निळा धूर सगळा बोळ व्यापून टाकी. वाळत घातलेले कपडे आत घ्यायला बायका धावायच्या. शिंपी स्वतः पांढरे कपडे शिवत, आणि त्यांची गाडी ते काळे करत असे.

आणि मी. उन्हाळ्यात मी कधी तापून थांबले नाही, कारण उकळायला माझ्यात पाणीच नव्हतं. बॅटरी बसली तर दोघांनी ढकललं की मी निघायचे. पण माझा आवाज असा की मागच्या सीटवरच्या माणसाला ओरडून बोलावं लागे, आणि थंडीत ऊब हवी म्हणून हीटर चालू केला की आत तेलाचा वास भरे. आणखी एक दोष होता. तो मात्र कुणालाच माहीत नव्हता, कारण पेटी त्याच्यावर बसलेली होती.

काळ बदलला. चष्मेवाल्यांची कंबर धरली, आणि फेरी लेकीकडे आली. लेक काउंटरवरच वाढलेली होती. डोळे तपासण्यात तिचा हात वडिलांपेक्षा हलका, असं गिऱ्हाईकंच म्हणायची. गाडी चालवायला ती माझ्यावरच शिकली होती. आता काचाही पूर्वीसारख्या नव्हत्या. प्लास्टिकच्या, हलक्या काचा मोठ्या कारखान्यातून घासून यायच्या. फेरीला एक खांद्यावरची बॅग पुरायची.

लेक पहिल्यांदा एकटी निघणार, त्याच्या आदल्या दिवशी चष्मेवाल्यांनी काकांना हाक मारली.

“ये रे, हात लाव. ही पेटी उतरवू.”

“आता कशाला? राहू दे की तिथेच,” काका म्हणाले.

“पोरीला उगाच ओझं कशाला? काही काढाघालायला झाकण उघडलं की आधी हिच्याशी झटापट.”

दोघांनी कण्हत कुंथत पेटी उतरवली आणि मागच्या खोलीत भिंतीशी लावून ठेवली. मित्रांनो, मला त्या दिवशी फार हलकं वाटलं. खरं सांगायचं तर छान वाटलं.

सुरुवातीच्या फेऱ्या कोरड्या रस्त्यावर झाल्या. स्टिअरिंग हातात जरा सैल लागतंय, असं लेकीला वाटलं असावं, पण जुन्या गाडीत काय काय लागतं याची यादी कोण करतं? मग एक दिवस पुलाजवळच्या वळणावर पाण्याचा टँकर गळत गेला होता. लेकीने वेळेवर वेग कमी केला, वेळेवर चाक वळवलं. माझी पुढची चाकं वळली, पण मी वळले नाही. सरळ जाऊन कठड्याला धडकले. दिवा फुटला, बंपर वाकला, बॅगेतले चष्मे सीटखाली विखुरले. लेकीला खरचटलंसुद्धा नाही. ती बाहेर आली, वाकली आणि आधी चष्मे गोळा करू लागली.

चष्मेवाले रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी शांतपणे म्हणाले, “इतकी वर्षं मी त्याच वळणावरून गेलो. ओल्यातून गेलो. हिच्या अंगावर ओरखडा नाही उठला. बाळ, तुझा हात घाईचा आहे. तुला काही झालं असतं तर? आता फेरी नको. दुकान बघ.”

“बाबा, मी हळू होते.”

“प्रत्येकाला तसंच वाटतं.”

फेरी बंद झाली. गावांतून निरोप यायचे की आमच्या चष्म्यांचं काय झालं, आणि लेक काउंटरमागे बसून फ्रेम पुसत राहायची. आधी ती वडिलांशी वाद घालायची. मग ते तिने सोडून दिलं. एका दुपारी तिने आरशासमोर दोन्ही हात पुढे धरून ते हलतात का ते पाहिलं. तिला आपला हातच घाईचा आहे, हे हळूहळू पटू लागलं होतं. मला त्याचं वाईट वाटलं.

माझा पत्रा ठोकून झाल्यावर काका बोळात आले. हातात चहाचा कप, आणि बोलणं नेहमीसारखं मोठ्याने.

“दादा, तिला माझा डबा दे. पुढचं ओढणारं इंजिन आहे, चाक वळवलं की गाडी वळते. तुझी ही म्हातारी मागून ढकलते. ढकलणाऱ्याला पुढचं काय दिसतंय?”

“तुझा डबा? रस्त्यात कुणी चूळ भरली तरी बंद पडतो तो.”

“बंद पडतो, पण कठड्याला डोकं आपटत नाही.”

“हिनेही आपटलं नव्हतं कधी! गाडीत दोष असता तर इतक्या वर्षांत दिसला नसता? दोष गाडीचा नाही रे.”

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, कारण दारात लेक उभी होती. माझं एवढं कौतुक त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. पण माझा प्रत्येक गुण तिच्या खात्यावर दोष म्हणून चढत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी स्तुती ऐकवेना.

काका चिडले. “असं कर. तेच वळण, तसाच ओला रस्ता, आणि तू चालव. होऊन जाऊ दे.”

“चल,” चष्मेवाले म्हणाले. कंबर धरून का होईना, पण ते लगेच उठले.

काकांनी डब्यात पाण्याचे मोठे कॅन भरून घेतले. पुलाजवळ रहदारी अशी नव्हतीच. त्यांनी वळणभर पाणी ओतलं, निम्मं रस्त्यावर आणि निम्मं स्वतःच्या चपलांवर. लेक कठड्याशी उभी राहिली. चष्मेवाल्यांनी काच सरकवून तिला सांगितलं, “बघ हं. हात कसा ठेवतो ते नीट बघ.” त्यांना तिला हिणवायचं नव्हतं. तिला शिकवायचंच होतं.

ते नेहमीच्या वेगाने आले. नेहमीच्या जागी त्यांनी चाक वळवलं. मी वळले नाही. माझं नाक पाण्यावरून घसरत सरळ कठड्याकडे निघालं, आणि कडेच्या खडीत चाकं रुतली म्हणून तेवढी थांबले. नवा दिवा कठड्यापासून वीतभर लांब होता.

चष्मेवाल्यांनी इंजिन बंद केलं. मग उतरले. काही मोडलं असावं, असं समजून त्यांनी पुढचं झाकण उघडलं. मोडलेलं काहीच नव्हतं. टाकी होती, जादा चाक होतं आणि मोकळी जागा होती. त्या जागेतल्या रबरी चटईवर पेटीचा चौकोन उमटलेला होता. इतक्या वर्षांच्या वजनाने तिथला पत्राही किंचित खाली गेला होता. चष्मेवाल्यांनी त्या खोलगट जागेवरून हात फिरवला.

“पेटी,” ते म्हणाले.

“काय?” काकांनी विचारलं.

“अरे, हिचा पाय पक्का नव्हताच कधी. इंजिन मागे, पुढून ही हलकी. पेटी हिला रस्त्यावर दाबून धरून होती. आणि ती मीच उतरवली.”

लेक जवळ आली होती. तिनेही तो चौकोन पाहिला. मग हळूच म्हणाली, “मला ओझं नको म्हणून उतरवलीत.”

“हो. आणि बोल तुझ्या हाताला लावला.” चष्मेवाले झाकणाला धरून उभे होते. “बाळ, चूक तुझी नव्हती. तुझा हात चांगला आहे. चूक माझी. तू हळू होतीस म्हणालीस, आणि मी ऐकलंसुद्धा नाही.”

लेक कठड्यावर बसली आणि रडली. तिने इतके दिवस जे आवरून धरलं होतं, ते सगळं त्या रडण्यात होतं. चष्मेवाले तिच्याशेजारी बसले. काका म्हणाले, “दोघं जरा लवकर आटपा. मी तोवर माझी गाडी वळवून ठेवतो.”

डबा सुरू झाला नाही. त्यांनीच ओतलेलं पाणी त्यांनीच जाळीत उडवून घेतलं होतं. काका किल्ली फिरवत राहिले, डबा खोकत राहिला. लेक रडता रडता हसू लागली. मग चष्मेवालेही हसले.

दोरी निघाली. ती माझ्या मागच्या बंपरला आणि डब्याच्या पुढच्याला बांधली गेली. चालवणार कोण, हे कुणी विचारलं नाही. चष्मेवाल्यांनी किल्ली लेकीच्या हातावर ठेवली आणि आपण शेजारच्या सीटवर जाऊन बसले. घर येईपर्यंत त्यांनी तिला एकही सूचना केली नाही. त्यांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती.

आता फेरी लेकीचीच आहे. कोरड्या दिवसांत ती डबा नेते, कारण तो वळणावर चोख आहे. हे मी मान्य करते. रस्ता ओला असला की त्याच्या तारा भिजतात, म्हणून तेव्हा मी जाते. पेटी पुन्हा माझ्या पुढच्या झाकणाखाली आहे. आतलं दगडी चाक आता कुणी फिरवत नाही, पण ते रिकामं बसलेलं नाही. आणि फेरीला निघताना चष्मेवाले तिला “सांभाळून जा” म्हणत नाहीत. ते माझं झाकण उघडतात, पेटी आहे ना ते बघतात आणि झाकण लावून बाजूला होतात.

मित्रांनो, जुन्या गाडीला वेळेवर तेल द्या, तिच्या चाकांतली हवा बघा, तिला उन्हात उभी करून विसरून जाऊ नका. एवढं कुठलीही गाडी तुम्हाला सांगेल. मी आणखी एकच मागते. वर्षानुवर्षं नीट चाललेलं काही एक दिवस घसरलं, तर चालवणाऱ्याच्या हाताला लगेच नाव ठेवू नका. आधी खाली उतरा, झाकण उघडा आणि आपण काय उतरवून ठेवलंय ते बघा.