अर्धवट रोबो विकणे आहे

देवदत्तला एका जागी बसवत नाही, हे मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. फोन आला की तो बोलत बोलत जिन्याने खाली जायचा आणि बोलत बोलत वर यायचा. घरून काम सुरू झाल्यापासून तर विचारूच नका. मन रमावं म्हणून त्याने बासरी आणली, ती भाच्याकडे गेली. बोन्साय आणलं, ते वाळलं. आणि आता त्याच्या डोक्यात जपानी रोबो शिरला होता.

साधा खेळण्यातला नव्हे. शेकडो सुटे भाग खोक्यात येतात, ते आपण कापायचे, घासायचे, जोडायचे. आत धातूचा सांगाडा, वर चिलखत, आणि बोटाच्या पेरापर्यंत सगळं वाकतं. किंमत अशी, की तेवढ्यात घरात नवा फ्रिज आला असता. त्याच्यासारखीच दिसणारी नक्कल मात्र स्वस्तात मिळत होती. मग एवढे पैसे कशाचे? देवदत्त आठवडेच्या आठवडे लोकांची मतं वाचत होता. एक म्हणे, हातात घेतल्याशिवाय कळणार नाही. दुसरा म्हणे, शेवटी प्लास्टिकच ते. जेवतानाही त्याचा अंगठा मोबाइलवर सरकत असे.

"घे नाहीतर सोड," त्याची बायको गार्गी एकदा म्हणाली. "पण बस. मला तुझ्याकडे बघून दम लागतो."

आणि मग ती जाहिरात दिसली. अर्धवट जोडलेला रोबो, अस्सल जपानी, निम्म्या किमतीत. पत्ता कांदिवलीचा, चारकोप. शनिवारी सकाळीच देवदत्त निघाला. लिंक रोडच्या बसमध्ये जागा असूनही तो दाराशी उभा राहिला आणि गोरेगावला उतरून रिक्षात बसला.

दार एका चाळिशीच्या बाईने उघडलं. गळ्यात बारीक क्रॉस, खांद्याला पर्स तशीच. तिचं नाव इव्हा. ती आत्ताच कामावरून आली होती की निघाली होती, कळेना. तिने त्याला बसायलाही न सांगता टेबलावरचं मोठं खोकं पुढे सरकवलं.

"सगळं यात आहे. बघा आणि घेऊन जा. जरा लवकर केलंत तर बरं."

देवदत्तने झाकण उघडलं. दोन्ही पाय आणि धड जोडून झालं होतं. हात, डोकं, पाठीवरचे पंख हे सगळं अजून प्लास्टिकच्या चौकटींत अडकलेलं होतं. त्याने पाय उचलला आणि दचकला. हाताला वजन लागलं. फोटोत वजन दिसत नाही.

"गुडघा वाकव त्याचा," आतून कुणीतरी म्हणालं. आवाज सावकाश येत होता, एकेक शब्द तपासून ठेवल्यासारखा.

इव्हाने डोळे मिटले. "ॲश्टन, तू पडून राहणार होतास."

आतून एक उंच माणूस भिंतीचा आधार घेत आला. इव्हाचा नवरा. विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलं होतं त्याचं. नाताळनंतर त्याला अर्धांगवायूचा झटका आला. पाय आणि बोलणं बरंचसं परत आलं, उजवा हात आला नाही. तो हात त्याने पोटाशी धरला होता, दुसऱ्याची वस्तू सांभाळावी तसा.

"वाकव ना," तो पुन्हा म्हणाला. "न वाकवता कुणी विकत घेतं का?"

देवदत्तने गुडघा हळूच वाकवला. मांडीवरची चिलखताची पट्टी आपोआप मागे सरकली, पोटरीवरची उघडली आणि आतला बारीक दांडा खाली गेला. कुठे करकर नाही, अडखळ नाही. त्याने पाय सरळ केला. पुन्हा वाकवला. पुन्हा.

"हे कुणाला दिसणार आहे?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"कुणाला नाही," ॲश्टन म्हणाला. "विमानातपण नाही दिसत. पण असतं."

"मग एवढी किंमत... वर्थ आहे का हो? खरं सांगा."

ॲश्टनने उत्तर द्यायला वेळ घेतला, आणि तेवढ्यात इव्हाच बोलली. "मी सांगते. मी शाळेतून घरी आले तर हा बाथरूममध्ये बसलेला, टॉवेल लाल झालेला. डाव्या हाताने ब्लेड धरून यातले तुकडे कापत होता, ते सटकून हातात घुसलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत याच्या, रक्त थांबेना. शेजारचे विद्याधरकाका गाडी घेऊन आले म्हणून वेळेत पोचलो. ही किंमत. आता सांगा, वर्थ आहे?"

देवदत्तला एका पांढऱ्या तुकड्यावर तपकिरी डाग दिसला. तो नजर फिरवायला लागला तर फिरवायला जागाच नव्हती.

"घेऊन जा रे," शेवटी ॲश्टन म्हणाला. "ती झोपत नाही या खोक्यामुळे." आणि भिंत धरत आत गेला.

देवदत्तने पैसे दिले आणि खोकं उचललं. जिना उतरताना त्याला पळावंसं वाटत होतं. हवी ती वस्तू निम्म्या किमतीत मिळाली होती, तरी कुणाच्या घरातलं चालू काम अर्ध्यावरून उचलून आणल्यासारखं वाटत होतं.

घरी त्याने खोकं टेबलावर ठेवलं आणि त्याच्याभोवती फिरत राहिला. एक हात जोडायला घेतला, सोडला. दुपारी कपाटावर ठेवलं, संध्याकाळी खाली काढलं. गार्गीने चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी त्याच्यासमोर चहा ठेवून म्हणाली, "काय झालंय ते सांग."

त्याने सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "तिला भीती ब्लेडची आहे ना? रोबोची नाही ना?"

देवदत्त तिच्याकडे बघतच राहिला. एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती.

त्या रात्रीपासून जेवणं आटोपली की तो कापायला बसू लागला. प्रत्येक तुकडा चौकटीतून कटरने सोडवायचा, कापल्याची खूण बारीक पॉलिश पेपरने घासायची, नंबर पाहून छोट्या डबीत टाकायचा. पाठ भरून यायची, मध्येच उठून तो गॅलरीत फेरी मारायचा, पण परत यायचा. डाग पडलेला तुकडा त्याने धुतला, पण डाग पूर्ण गेला नाही. गार्गीने मसाल्याच्या जुन्या डब्या काढून दिल्या आणि बजावलं की रोबोला हिंगाचा वास आला तर तक्रार नको.

सगळं सोडवून झाल्यावर तो ते चारकोपला घेऊन गेला. दारात इव्हाचा चेहरा कठीण झाला.

"पैसे परत हवेत?"

"नाही. कापायचं काम संपलंय, ब्लेड आणलेलंच नाही. आता नुसतं दाबून जोडायचं. एक हात त्यांचा, दोन माझे." त्याने डब्या पुढे केल्या. "तुम्ही नको म्हणालात तर जातो."

इव्हाने एकेक डबी उघडून बघितली. धारदार काही सापडतं का, ते शोधत होती. मग बाजूला झाली. "मी समोर बसणार," ती म्हणाली.

त्यानंतर देवदत्त दर रविवारी जाऊ लागला. ॲश्टन नंबर सांगायचा, देवदत्त तुकडा धरायचा, ॲश्टन डाव्या अंगठ्याने दाबायचा. टक आवाज आला की पुढचा. कधी ॲश्टन चिडायचा, तुकडा फेकायचा आणि मग तो टेबलाखालून शोधणं देवदत्तकडे. इव्हा वह्या तपासत समोर बसलेली असायची. पुढे पुढे ती स्वयंपाकघरातही जाऊ लागली.

मान बसवायच्या दिवशी देवदत्तला घाई झाली. "आधी सरळ धर," ॲश्टन म्हणेपर्यंत त्याने दाबलंसुद्धा. टक नाही, कट्‌ असा आवाज आला. मानेची बारीक खुंटी मोडून आतच राहिली.

दोन्ही धड हात असलेल्या माणसाने मोडलं होतं. "मी जपानहून मागवतो," तो उठून येरझारा घालत म्हणाला. "नुसता तो भाग मिळत असेल तर... नाहीतर नवीन पूर्ण..."

"चिकटव," ॲश्टन म्हणाला.

"चिकटवलं तर मुंडी फिरणार नाही."

"नको फिरू दे. तुझी फिरते तेवढी पुरे आहे."

स्वयंपाकघरातून इव्हाचं हसू ऐकू आलं. या घरात तिला हसताना देवदत्तने पहिल्यांदाच ऐकलं. तिने गोंदाची ट्यूब आणून टेबलावर ठेवली आणि त्याच्यासाठी खुर्ची मागे ओढली. गोंद वाळेपर्यंत डोकं धरून ठेवावं लागणार होतं, आणि ते काम दोन हातांचं होतं. देवदत्त बसला. पाय खाली चुळबुळत होते, वरती हात हलवता येत नव्हते.

"किती वेळ धरायचं?" त्याने विचारलं.

"सुकेपर्यंत," ॲश्टन म्हणाला, आणि डाव्या हाताने पंखांची डबी उघडून त्यातले तुकडे नंबराने मांडायला लागला.