पाठमोरी

लूसेआनेनं सोनोग्राफीचा पडदा भिंतीलगत सरकवला, स्टूल ओढलं आणि खाटेकडे पाठ करून बसली.

खाटेवर पेनिसिमानी होता, तिच्या सख्ख्या काकांचा मुलगा. म्हणजे भाऊच. या बेटांवर बहिणीचा मान मोठा. तिचा शब्द भाऊ खाली पडू देत नाही, आणि वयात आल्यावर दोघं एका खोलीतही बसत नाहीत. मग असल्या तपासणीचं नावच नको. पण वावाउ बेटावरच्या इस्पितळात हे यंत्र वाचणारी ती एकटीच. म्हणून अंगावर फिरवायचा प्रोब म्हाताऱ्या डॉक्टर फिफितांच्या हातात, आणि डोळे तिचे.

"हिला बाहेर काढा," पेनिसिमानी छताकडे बघत म्हणाला. "पाठ दुखतेय माझी. कोनफळं खणून सगळ्यांचीच दुखते. आणि तुम्ही चड्डी उतरवताय."

डॉक्टर समजावत राहिले. सकाळी पोटात मणक्यापाशी गाठी दिसल्या होत्या. तशा गाठींचं मूळ कधीकधी अंडकोषात असतं. मूळबिळ काही नाही, चाचपून बघा, आणि जमत नसेल तर इस्पितळ सोडून मासे धरा, असं त्यानं सुनावलं.

चाचपून खरंच काही लागत नव्हतं. उजवीकडे पडदा स्वच्छ होता. डावीकडून प्रोब फिरला आणि डॉक्टर तो उचलायला लागले.

"थांबा," लूसेआने म्हणाली. "मागे या. हळू."

पेनिसिमानीनं चादर तोंडावर ओढली. पंधरा वर्षांत तिचा आवाज त्यानं इतक्या जवळून ऐकला नव्हता.

पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता. मूळ गाठ आपोआप सुकली होती; एवढा व्रण मागे ठेवून ती पोटात पसरली होती. असा कॅन्सर तिनं फक्त पुस्तकात पाहिला होता. तिनं डागावर बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात डॉक्टरांना सांगितलं. मग डॉक्टरांनी खाटेकडे वळून पुढचं सांगितलं: राजधानीला जायचं, डावं अंड काढायचं, नंतर औषधं.

"कापू देणार नाही," चादरीतून आवाज आला. "एवढ्याशा डागासाठी? तुम्हाला तरी दिसला का तो?"

"मला दिसला नसता," डॉक्टर म्हणाले. "जायला हवं, असं ती म्हणतेय."

पेनिसिमानीनं चादर डोळ्यांखाली ओढली आणि डॉक्टरांकडे बघितलं.

"लबाड म्हातारा," तो म्हणाला.

लूसेआनेनं यंत्र बंद केलं आणि मागे न बघता दाराकडे निघाली.

"विचारा तिला," तितक्याच रागानं मागून आवाज आला, "राजधानीची बोट कुठल्या वारी सुटते."